मार लागतच नसेल, तर मारायचं कशाला?

या वेळचं पत्र नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका आईचं आहे. मूळ पत्र लांब आहे. ओळख पटेल असे तपशील काढून ते इथे थोडक्यात देते.

"ताई, माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, चौथीत. धाकटी ३ वर्षांची. मिस्टर अंबडला एका कंपनीत सुपरवायझर आहेत, शिफ्ट ड्युटी असते. सासूबाई आमच्याकडेच राहतात. दिवाळीनंतर त्यांच्या डब्यातून ५०० च्या दोन नोटा गेल्या. सगळ्यांनी कामवाल्या मावशींवर संशय घेतला. त्या शपथा घेऊन रडत होत्या आणि हा समोर बसून पोहे खात होता. शेवटी मावशींना काढलं. पंधरा दिवसांनी त्याच्या कंपासपेटीत कागदाखाली एक नोट सापडली. विचारलं तर म्हणाला, 'मला कुणी विचारलंच नाही.' मग जानेवारीत पार्किंगमधल्या मांजराच्या पिल्लाला गळ्यात दोरी बांधून जिन्याच्या कठड्यावरून खाली सोडलं. वॉचमननं पळत येऊन सोडवलं. 'किती वेळ ओरडतं ते बघत होतो,' म्हणे. मिस्टरांनी पट्ट्यानं मारलं. रडला नाही. मार खाऊन झाल्यावर विचारतो, 'झालं? टीव्ही लावू का?' ते ऐकून त्यांनी आणखी मारलं. हल्ली हे आठवड्यातून एकदा तरी होतं.

सासूबाई म्हणतात, मामावर गेलाय. त्यावर मला बोलताच येत नाही, कारण माझा धाकटा भाऊ खरंच तसा आहे. बोलायला गोड. भिशीचे पैसे घेऊन गायब झाला, वडिलांच्या प्लॉटच्या कागदांवर गोड बोलून सह्या घेतल्या, आणि रामकुंडावर वडिलांच्या दहाव्याला आला तेव्हा चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. मी रात्र रात्र मोबाइल बघत बसते. 'सायकोपॅथ मुलांची दहा लक्षणं' असा व्हिडिओ होता, त्यातली आठ जुळली. धाकटीला मात्र तो कधी त्रास देत नाही, झोपेत तिचं पांघरूण सरकलं तर नीट करतो, पण तेही नाटक असेल का असं आता वाटतं. माझा मुलगा सायकोपॅथ आहे का? असेल तर आतापासूनच हॉस्टेलला टाकावं का?"

*

पट्टा आजपासून बंद. उत्तराची सुरुवात इथूनच करते, कारण तेवढ्या गोष्टीसाठी कुठल्याही तपासणीची वाट बघायची गरज नाही. मुलाची दया यावी म्हणून हे सांगत नाही. दया आली तर चांगलंच. तुम्ही वर्णन केलंय तशा मुलांवर मार चालत नाही आणि उलट दुखणं वाढवतो, म्हणून सांगते. कसं ते पुढे येतंच. पण आधी तुमचा प्रश्न निकालात काढू, नाहीतर बाकीचं काही तुमच्या कानांत शिरायचं नाही.

९ वर्षांच्या मुलाला कुठलाही जबाबदार डॉक्टर 'सायकोपॅथ' म्हणत नाही. हा शब्द आज ज्या अर्थानं वापरतात, त्यामागचं मूळ संशोधन मोठ्या माणसांवरचं आहे. १९४१ मध्ये हर्वी क्लेक्ली या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं आपल्याकडे आलेल्या काही रुग्णांचं वर्णन लिहून काढलं. बोलण्यात हुशार, वरवर अगदी शहाणीसुरती, पण खोटं सहज बोलणारी, लाज-पश्चात्ताप नसलेली, पुन्हा पुन्हा स्वतःचं आणि दुसऱ्याचं वाटोळं करणारी ही माणसं होती. गंमत म्हणजे त्यातली बरीच हिंसक नव्हती. पुढे कॅनडात रॉबर्ट हेअर यांनी तुरुंगातल्या कैद्यांवर वर्षानुवर्षं काम करून एक चेकलिस्ट तयार केली. ती १९८० मध्ये आली आणि १९९१ मध्ये सुधारून निघाली. २० मुद्दे, प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण, एकूण ४०. उत्तर अमेरिकेतल्या संशोधनात ३० किंवा त्याहून जास्त गुण पडले तरच त्या माणसाला या गटात धरतात. हे गुण देण्यासाठी प्रशिक्षण घेतलेला माणूस लागतो, तो समोरच्याशी तासन् तास बोलतो, आणि त्यानं सांगितलेलं खरं की खोटं हे पोलीस, कोर्ट, नोकरी, घर यांच्या नोंदींशी ताडून बघतो. त्या वीसांत एक मुद्दा 'थोडे थोडे दिवस टिकलेली अनेक लग्नं' असा आहे. तुमच्या चौथीतल्या मुलाला तो कसा लावायचा, हे त्या व्हिडिओवाल्याला विचारायला हवं.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची संघटना जो निदानाचा ग्रंथ काढते, त्याच्या २०१३ च्या आवृत्तीत सायकोपॅथी नावाचं स्वतंत्र निदान नाहीच. त्याच्या सगळ्यात जवळचं जे निदान आहे, समाजविरोधी व्यक्तिमत्त्वाचं, ते १८ वर्षांच्या आत देता येत नाही. मुलांसाठी आहे ते वर्तन-विकाराचं निदान, आणि त्याला जोडून एक जादा शेरा. चार गोष्टी बघतात: चुकीबद्दल खंत नसणं, दुसऱ्याच्या भावनांची पर्वा नसणं, अभ्यास-खेळ कशात आपण कमी पडलो तरी काही न वाटणं, आणि भावना उथळ किंवा दिसतच नाहीत असं असणं. यातल्या किमान दोन, किमान १२ महिने, एकापेक्षा जास्त ठिकाणी आणि एकापेक्षा जास्त माणसांशी वागताना दिसायला हव्यात. एका घरात, एका हिवाळ्यात दिसल्या म्हणून चालत नाही.

आता तुमचं पत्र या नजरेनं पुन्हा वाचा. एवढ्या लांब पत्रात शाळेबद्दल एक ओळ नाही. वर्गशिक्षिका काय म्हणतात? त्याला मित्र आहेत का? डबा वाटून खातो का? खेळात हरला तर काय करतो? सगळं दिवाळीनंतर सुरू झालं की आधीपासून होतं आणि दिवाळीनंतर तुमच्या लक्षात आलं? अचानक सुरू झालं असेल तर दिवाळीच्या आसपास त्याच्याबाबतीत काय घडलं हे शोधायला हवं. शाळेत कुणी त्रास देतंय का, घरात काही झालंय का, कुणी मोठं माणूस त्याच्याशी नको तसं वागलंय का.

आणि ते पांघरुणाचं. तेही नाटक असेल का, असं तुम्ही विचारता. अहो, झोपलेल्या ३ वर्षांच्या मुलीसमोर नाटक कुणासाठी करायचं? त्या एका गोष्टीवरून मुलगा ठणठणीत आहे असं मी म्हणणार नाही, मांजराची गोष्ट साधी नाही. पण हे गुण 'आहेत' किंवा 'नाहीत' असे नसतातच, कमी-जास्त असतात, आणि एकाच मुलात एका माणसासाठी दार उघडं आणि दुसऱ्यासाठी बंद असंही असतं. तुमच्या मुलाचं एक दार उघडं आहे. भीतीपोटी तेही तुम्ही बंद करून टाकायला निघालात.

'झालं? टीव्ही लावू का?' या वाक्यानं तुमची झोप उडवली आहे, ते साहजिक आहे. त्याचे दोन अर्थ होऊ शकतात. काही मुलांना भीती मुळातच कमी जाणवते. आणि काही मुलांना ती भरपूर जाणवते, पण मार, भांडणं, धास्ती यांतून तग धरायला ती आतल्या आत दाबायला शिकतात. चेहरा कोरा ठेवतात, कारण रडलं तरी मार थांबत नाही हे त्यांना कळलेलं असतं. वरून दोघं सारखीच दिसतात. हा फरक बेंजामिन कार्पमन यांनी १९४० च्या दशकातच मांडला होता, आणि अलीकडे मुलांवर झालेल्या अभ्यासांतही हे दोन गट वेगळे काढता येतात. दुसऱ्या गटातल्या मुलांमध्ये चिंता बरीच जास्त आढळते. झोप कशी आहे, रात्री दचकतो का, अंथरूण ओलं होतं का, नखं कुरतडतो का, दार आपटल्यावर काय होतं, हे एका वहीत लिहायला लागा. तुमचा मुलगा कुठल्या गटात, की कुठल्याच नाही, हे पत्रावरून मला सांगता येणार नाही. त्याच्याशी बसून कुणी तरी बोललं पाहिजे. पण दोन्ही गटांत पट्टा चुकीचाच ठरतो.

तो का चालत नाही ते सांगते, आणि हा भाग तुमच्या मिस्टरांना मुद्दाम वाचून दाखवा. ते दुष्ट आहेत असं मला पत्रावरून वाटत नाही. ते घाबरलेत.

आपण लहानपणी चूक करायला गेलो की पोटात गोळा यायचा. मागच्या वेळी काय झालं होतं ते शरीराला आठवायचं आणि हात आपोआप मागे यायचा. शिक्षेचा सगळा उपयोग त्या गोळ्यावर उभा आहे. १९५७ मध्ये डेव्हिड लिक्केन यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. लोकांना खटके दाबत दाबत एक कोडं सोडवायचं होतं, आणि काही चुकीच्या खटक्यांना विजेचा हलका झटका होता. क्लेक्लींच्या वर्णनात बसणारी माणसं कोडं इतरांइतकंच चांगलं शिकली. झटक्याचे खटके टाळायला मात्र ती शिकली नाहीत. बुद्धी शाबूत होती. पुढच्या झटक्याची आधीच वाटणारी भीती कमी होती.

याहून बोलका अभ्यास मॉरिशसचा आहे (मराठी माणसं पिढ्यान् पिढ्या राहतात तेच मॉरिशस). तिथे ३ वर्षांच्या १,७९५ मुलांना दोन प्रकारचे आवाज ऐकवले. त्यातल्या एकानंतर दर वेळी कर्कश, नकोसा गोंगाट यायचा. तो पहिला आवाज आला की बहुतेक मुलांच्या हाताला किंचित घाम यायचा. पुढे काय येणार हे अंगाला कळायचं. ही मुलं २३ वर्षांची झाल्यावर कोर्टाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ज्यांच्यावर गुन्हे शाबीत झाले होते त्या गटात लहानपणी ही घामाची खूण जवळपास दिसलीच नव्हती. यू गाओ, एड्रियन रेन आणि सहकाऱ्यांनी हे २०१० मध्ये प्रसिद्ध केलं. याचा अर्थ घाम न येणारं प्रत्येक मूल गुन्हेगार झालं असा नाही, तो काढू नका. अर्थ एवढाच की काही मुलांमध्ये शिक्षेची आठवण पुढच्या वेळेपर्यंत पोचतच नाही.

मग घरात काय होतं? एक फटका मारला, परिणाम नाही. दोन मारले, परिणाम नाही. बाप म्हणतो, कोडगा झालाय, याला जास्त लागणार. आणि पोरगं एवढंच शिकतं की ज्याच्या हातात पट्टा आहे त्याचं चालतं, आणि समोरचा ओरडला तरी थांबायचं नसतं. कठड्यावरचं मांजर आठवा.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. मिशिगनमध्ये २२७ एकसारख्या जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं ६ ते ११ वर्षांची. एकसारख्या जुळ्यांची जनुकं सारखीच, घर तेच, आईबाप तेच. तरीही ज्या जुळ्याला जास्त कडक वागणूक आणि कमी माया मिळाली, त्याच्यात निष्ठुरपणा आणि आक्रमकपणा दुसऱ्यापेक्षा जास्त आढळला. निफाड-दिंडोरीकडच्या कुठल्याही द्राक्षवाल्याला विचारा: काडी एकाच वेलाची, पण दोन बागांतल्या छाटणीनं आणि पाण्यानं घड वेगळे येतात.

आता 'मामावर गेलाय'. सासूबाईंच्या बोलण्यात तथ्य अजिबात नाही असं म्हटलं तर मी खोटी ठरेन. एसी व्हायडिंग यांनी २००५ मध्ये ब्रिटनमधल्या ७ वर्षांच्या जुळ्यांवर केलेल्या अभ्यासात, भावनाशून्य वागण्याच्या वरच्या टोकाला असलेल्या मुलांमध्ये आनुवंशिकतेचा वाटा ६७ टक्के निघाला. आकडा मोठा आहे. पण तो मुलांच्या मोठ्या समूहातल्या फरकांबद्दल आहे. तुमच्या मुलातला ६७ टक्के भाग मामाचा, असा त्याचा अर्थ होत नाही. आणि त्या आकड्याच्या शेजारी दुसरा अभ्यास ठेवायला हवा. अमेरिकेत ५६१ दत्तक कुटुंबांचा पाठपुरावा केला गेला. जन्म देणाऱ्या आईचं वागणं गुन्हेगारीकडे झुकणारं असेल तर तिचं मूल, ती त्याला वाढवत नसतानासुद्धा, २७ महिन्यांचं असताना जास्त निष्ठुर दिसत होतं. म्हणजे रक्त बोलतं. पण दत्तक घेणारी आई मुलाचं भरपूर कौतुक करणारी, चांगल्या वागण्याला लगेच दाद देणारी असेल, तिथे रक्ताचा हा परिणाम पुसट झाला. तुमच्या भावाचं काय व्हायचं ते होवो, त्याच्याशी व्यवहार करताना कागद वाचून, वकिलाला दाखवून सही करा, एवढंच त्याच्याबद्दल पुरे. पण मुलाच्या कानावर 'मामावर गेलाय' पडता कामा नये. सासूबाईंना हे तुम्ही सांगू नका, मिस्टरांना सांगू द्या. मुलगा सांगतो तेव्हा ऐकलं जातं.

मग करायचं काय? सिडनीत डेव्हिड हॉज आणि मार्क डॅड्स यांनी ४ ते ८ वर्षांच्या त्रासदायक मुलग्यांच्या आईबापांना शिकवलं. कार्यक्रमाचे दोन भाग होते: चांगल्या वागण्याला बक्षीस, आणि वाईट वागलं की थोडा वेळ बाजूला बसवणं. बक्षिसाच्या भागाचा उपयोग सगळ्यांना झाला, भावनाशून्य वाटणाऱ्या मुलांनाही. बाजूला बसवण्याचा त्यांच्यावर फारसा परिणाम झाला नाही; ती निवांत बसून राहायची. तुमच्या घरासाठी यातून एवढं घ्या की मुलाच्या आत शिरायला भीतीची वाट अरुंद आहे, आवडीची रुंद आहे. रुंद वाटेनं जा.

रोज दहा मिनिटं त्याच्याबरोबर त्याच्या आवडीचा खेळ. खेळ तो ठरवेल. त्या दहा मिनिटांत शिकवायचं नाही, हुकूम द्यायचा नाही, 'अभ्यास झाला का' विचारायचं नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत. ऐकायला सोपं वाटतं, पण बऱ्याच आईबापांना पहिल्या आठवड्यात चार मिनिटांनंतर काय बोलावं ते सुचत नाही. त्या दिवशी मुलगा काहीही वागलेला असो, ही दहा मिनिटं कापायची नाहीत.

फ्रिजवर एक कागद लावा, त्यावर तीनच गोष्टी. 'चांगलं वागायचं' किंवा 'खोटं बोलायचं नाही' असलं लिहू नका, ते मोजता येत नाही. 'पहिल्या हाकेला टीव्ही बंद', 'दुसऱ्याची वस्तू विचारून घेतली', 'चूक झाली ती स्वतः येऊन सांगितली' हे मोजता येतं. झालं की लगेच खूण, त्याच रात्री लहानसं बक्षीस: जेवणात काय करायचं ते तो ठरवेल, किंवा सायकलवर पंधरा मिनिटं जास्त. आठवड्याच्या खुणा जमल्या तर रविवारी सकाळी बाबांबरोबर पांडवलेणीच्या पायऱ्या चढायच्या आणि खाली उतरून मिसळ. बाबांबरोबर, हे महत्त्वाचं. मिळालेली खूण रागाच्या भरात खोडायची नाही. तिसऱ्या गोष्टीवर मिस्टर कुरकुरतील: 'चोरी करून सांगितलं म्हणून बक्षीस?' बक्षीस सांगितल्याचं. चोरीची भरपाई त्याला वेगळी करावीच लागेल.

म्हणजे शिस्त सोडायची नाही. चूक झाली तर परिणाम हवा: लहान, ठरलेला आणि शांत. आज टीव्ही नाही, बस. भाषण नाही, आरडाओरडा नाही, 'तुला काहीच कसं वाटत नाही' नाही. ते वाक्य तर घरातून हद्दपार करा. मुलं आपल्याबद्दल जे ऐकतात तेच हळूहळू मानायला लागतात.

कौतुक करताना खाली बसा, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला या आणि त्याच्याकडे बघून बोला. याला कारण आहे. अशा मुलांना दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची भीती ओळखता येत नाही, हे बऱ्याच अभ्यासांत आढळलंय. डॅड्स यांनी २००६ मध्ये दाखवलं की अशा मुलग्यांना फोटोतल्या माणसाच्या डोळ्यांकडे बघायला सांगितलं की तेवढ्यापुरती त्यांना भीती ओळखता येते. ती एरवी डोळ्यांकडे बघतच नसावीत. पुढच्या एका अभ्यासात अशी मुलं मायेच्या क्षणीसुद्धा आईच्या डोळ्यांत कमी बघतात असं निघालं. आपल्या घरांतली रीत तर बघा. रागावताना 'वर काय बघतोस, मान खाली घाल' आणि माया करताना आपलं लक्ष कढईत. 'माझ्याकडे बघ' हे वाक्य आजपासून फक्त प्रेमाच्या वेळी वापरायचं. मांजराच्या विषयावर पुन्हा बोलायची वेळ आली तर 'तुला वाईट नाही वाटलं?' असं विचारू नका, उत्तर 'नाही' येईल आणि तुम्ही कोसळाल. 'त्याचे डोळे कसे झाले होते? पाय कसे हलत होते? तेव्हा त्याला काय हवं असेल?' असं विचारा. उत्तर आलं नाही तर तुम्ही सांगा आणि विषय सोडा.

काळजीही घ्या. प्राण्यांबरोबर त्याला सध्या एकटं सोडू नका, आणि दया शिकावी म्हणून घरात पिल्लू तर मुळीच आणू नका. हा सल्ला तुम्हाला चार जणी देतील. धाकटीजवळ मोठं कुणी असू द्या, पण 'तुझ्यावर विश्वास नाही' असं न जाणवता. सासूबाईंच्या डब्याला कुलूप. आग लावणं, चाकूनं धमकावणं, धाकटीला इजा, यातलं काही झालं तर कागदावरच्या खुणा बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही ते. मावशी. दोन महिन्यांपूर्वी नोट सापडली. मावशींना परत बोलावलं का? माफी मागितली का? बुडालेला पगार दिला का? पत्रात काहीच नाही. रडणाऱ्या बाईसमोर मुलगा पोहे खात होता हे तुम्हाला टोचतंय, पण ती निर्दोष आहे हे कळल्यावर मोठ्यांनीही काही केलं नसेल, तर मुलानं ते पाहिलं आहे. तुम्हाला दुखवायला हे लिहीत नाही. पण खंत म्हणजे काय हे त्याला दाखवायची एवढी नेमकी संधी पुन्हा मिळणार नाही. तुम्ही आणि मिस्टर दोघं तिच्या घरी जा. मुलाला बरोबर न्या, पण त्याला सगळ्यांसमोर नाक घासायला लावू नका. आधी तुम्ही बोला: "आम्ही न विचारता तुमच्यावर आळ घेतला, चूक आमची." बुडालेले पैसे त्याच्यासमोर द्या. त्याच्या वाट्याचे १,००० त्यानं खाऊच्या पैशांतून आणि घरातली ठरलेली कामं करून थोडे थोडे फेडायचे आहेत, हे त्याला आधी सांगून ठेवा. तिथे तो काही बोलला नाही तरी चालेल. मावशी पुन्हा कामावर यायच्या की नाही हे त्यांनी ठरवायचं.

हॉस्टेल नको. आपल्या हातातलं मुख्य साधन म्हणजे रोजची माया आणि रोजचं बक्षीस, तेच तिथे हातातून जातं. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात मेंडोटा नावाचं केंद्र १९९५ पासून चालतं, इतर सुधारगृहांनी हात टेकलेल्या, गंभीर गुन्हे केलेल्या किशोरांसाठी. तिथेही शिक्षा वाढवून काही साधलं नव्हतं. रोजच्या वागण्याचे रोज गुण आणि त्यावर दुसऱ्या दिवशीच्या सवलती, आणि मुलानं कितीही झिडकारलं तरी संबंध न तोडणारे कर्मचारी, या पद्धतीनं काम केल्यावर बाहेर पडलेल्या मुलांचं हिंसेचं प्रमाण नेहमीच्या सुधारगृहातून सुटलेल्यांच्या जवळपास निम्म्यावर आलं. त्या मुलांच्या मानानं तुमचा मुलगा कुठेच नाही, आणि वयानं तर फारच अलीकडे आहे.

तपासणी मात्र लांबवू नका. लहान मुलांचं काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ गाठा. खर्चाचा प्रश्न असेल तर त्र्यंबक रोडच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात मानसिक आरोग्य विभागात चौकशी करा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं; तुमची रात्रीची झोप उडते तेव्हा व्हिडिओ लावण्याऐवजी तिथे फोन लावा. तपासणीत अतिचंचलता, शिकण्यातल्या अडचणी, ऐकू कमी येणं, आधी झालेला एखादा आघात हे सगळं बघायला सांगा. बरोबर ती वही न्या, शाळेची प्रगतिपुस्तकं न्या, आणि वर्गशिक्षिकेकडून चार ओळी लिहून घ्या. शिक्षिकेला मांजराची गोष्ट सांगायची गरज नाही, 'वर्गात कसा असतो' एवढंच विचारा. फरक दिसायला महिने लागतील. मधे दोन आठवडे बरे जातील आणि एक दिवस सगळं मुसळ केरात गेल्यासारखं वाटेल. तो दिवसही वहीत लिहा.

पहिल्या भेटीला मिस्टर हवेतच. शिफ्ट आधी सांगून बदलून घेऊ द्या. आणि निघताना मुलाला 'डॉक्टर तुला बघणार आहेत' असं सांगू नका. "आपल्या घरात भांडणं आणि मार फार झालाय, तो कसा थांबवायचा हे विचारायला आपण तिघं जातोय," असं सांगा. बाबांनी सांगितलं तर जास्त बरं.